माशांसाठी मॅक्रो लेन्स कुठली? आधी टेप घ्या आणि काचेपासूनचं अंतर मोजा

तुमची अडचण मला समजली ती अशी. निकॉन डी५६०० आहे, सोबत खोक्यात आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन एएफ-पी लेन्स आहेत. पुण्यात घरी चार फुटी प्लांटेड टँक आहे, त्यात डिस्कस आणि कार्डिनल टेट्रा हे मासे. डिसेंबरात दुबईला बहिणीकडे जाणार आहात, तिथे मेहुण्यांचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक, आहे आणि त्यातल्या प्रवाळांचे अगदी जवळून फोटो काढायचे आहेत. दुकानदाराने ६० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) सुचवली, मित्र म्हणतो १०५ च्या खाली बघूच नका, आणि ४० एमएम स्वस्तात मिळतेय म्हणून मन तिकडेही ओढतंय. शिवाय घरी काढलेले फोटो धुरकट येतात, ते लेन्समुळे की आणखी कशामुळे, हेही तुम्हाला कळत नाहीये.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुढचा खर्च त्यावर ठरणार आहे. धुरकटपणा बहुतेक वेळा लेन्सचा नसतो. तुम्ही पाठवलेल्या डिस्कसच्या फोटोत माशाच्या कडेला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी झालर दिसते. ही खूण तिरक्या काचेची. पाण्यातून निघालेला किरण काचेतून हवेत येताना वाकतो. काचेशी काटकोनात आलेला किरण सरळ बाहेर पडतो, तिरका आलेला वाकतो, आणि जितका तिरका तितके त्यातले निळे आणि लाल रंग एकमेकांपासून फाकतात. त्यामुळे माशाची कड दुहेरी दिसते आणि आपल्याला वाटतं फोकस चुकला. पन्नास हजारांची लेन्स लावून याच कोनातून फोटो काढलात तरी हीच झालर येईल.

मी मुंबईत टँकवाल्यांसाठी, ब्रीडरांसाठी आणि क्रॉफर्ड मार्केट, कुर्ला इथल्या दुकानांसाठी माशांचे फोटो काढतो. कुणी 'कुठली लेन्स घेऊ' विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो: विषय केवढा आहे, काचेपासून किती आत आहे, आणि टँकसमोर उभं राहायला जागा किती आहे. ही तिन्ही उत्तरं हातात आली की लेन्स जवळपास आपोआप ठरते. म्हणून तुमच्या बाबतीत ती एकेक करून पाहू.

आधी आकार. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच, की सर्वांत जवळच्या फोकसला फ्रेममध्ये बरोबर २३.५ मिलिमीटर रुंदीची जागा मावते. आता तुमचा डिस्कस घ्या. पूर्ण वाढलेला मासा १५ सेंटीमीटरच्या आसपास, त्याच्या पुढेमागे थोडी मोकळी जागा सोडली तर फ्रेम २५ सेंटीमीटरची. म्हणजे तुम्हाला साधारण १:१० हवंय. हे काम तुमची १८-५५ झोपेतही करते. कार्डिनल टेट्रा साडेतीन-चार सेंटीमीटरचा, त्याला सहा सेंटीमीटरची फ्रेम पुरते. एएफ-पी १८-५५ चं सर्वाधिक मॅग्निफिकेशन ०.३८ आहे, म्हणजे ५५ वर, २५ सेंटीमीटर या किमान अंतरावर, सव्वासहा सेंटीमीटरची फ्रेम मिळते. कार्डिनलसुद्धा तुमच्या हातातल्या लेन्समध्ये मावतो आहे! खरी १:१ ची गरज सुरू होते ती झोअँथिड या बटणासारख्या मऊ जिवाच्या सेंटीमीटरभर तोंडासाठी किंवा अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाच्या एक-दोन मिलिमीटरच्या पॉलिपसाठी, म्हणजे प्रवाळातल्या एकेका बारीक जिवासाठी. थोडक्यात, मासे तुम्हाला मॅक्रो लेन्स घ्यायला लावत नाहीयेत, प्रवाळ लावताहेत. त्यामुळे निवड प्रवाळाच्या हिशेबाने करायची.

आता अंतर. इथेच बहुतेकांची फसगत होते. कॅटलॉगमध्ये 'किमान फोकस अंतर' म्हणून जो आकडा असतो तो सेन्सरपासून मोजलेला असतो, लेन्सच्या तोंडापासून नव्हे. त्यातून बॉडीची जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, उरतं ते खरं वर्किंग डिस्टन्स. निकॉनच्या ४० एमएम मॅक्रोचं किमान अंतर १६.३ सेंटीमीटर, पण १:१ वर लेन्सच्या तोंडापुढे उरतात जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एएफ-एस ६० एमएमचं १८.५, उरतात सुमारे पाच. ८५ एमएम डीएक्सचं (डीएक्स म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरसाठीची) २८.६ आणि १०५ व्हीआरचं (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय) ३१.४, या दोघींना मात्र चौदा-पंधरा सेंटीमीटरच्या आसपास मोकळी जागा मिळते.

पाणी यात थोडी मदत करतं. पाण्यातली वस्तू बाहेरून पाहताना असते त्यापेक्षा जवळ दिसते, साधारण पाऊण अंतरावर. त्यामुळे लेन्स काचेला टेकवली तर पाच सेंटीमीटर वर्किंग डिस्टन्समध्ये पाण्यात साडेसहा सेंटीमीटर आतपर्यंत पोचता येतं, आणि पंधरा असेल तर वीसपर्यंत. काच स्वतः आणखी थोडं खाते, पण हिशेब ढोबळमानाने हाच.

आता मेहुण्यांना फोन करा आणि पुढच्या काचेपासून पहिला खडक किती आत आहे ते टेपने मोजायला सांगा. काच साफ करणारं मॅग्नेट फिरावं आणि पाण्याला वाहायला वाट राहावी म्हणून रीफ टँकवाले पुढे आठ-दहा सेंटीमीटर तरी मोकळे सोडतात, मोठ्या टँकमध्ये पंधराही. तिथे ६० एमएम घेऊन गेलात तर १:१ वर तुमच्या आवाक्यात येईल पुढची वाळू आणि काचेवर चढलेली गोगलगाय. प्रवाळ मागेच राहणार. मागे सरून १:२ वगैरेवर फोटो निघतील आणि चांगले निघतील, पण मग ज्यासाठी मॅक्रो घेतली ते हाती लागत नाही. दुकानदाराची ६० एमएम वाईट आहे म्हणून नव्हे, तर या अंतरामुळे मी ती तुम्हाला सुचवणार नाही. ४० एमएमचा तर विचारच सोडा. तिचं तोंड इतकं जवळ न्यावं लागतं की लेन्सची सावली पडते आणि डिस्कससारखा बुजरा मासा कोपऱ्यात जाऊन बसतो.

लांब लेन्सचा आणखी एक फायदा पहिल्या मुद्द्याशी जोडलेला आहे. तुम्ही कॅमेरा काचेशी अगदी काटकोनात धरलात तरी फ्रेमच्या कडेचे किरण तिरकेच येतात. किती तिरके, ते फोकल लेंग्थवर ठरतं. १८ एमएमवर डाव्या-उजव्या कडेला सुमारे ३३ अंश, ५५ वर १२, ८५ वर ८, आणि १०५ वर सहाच्या जरासे वर. म्हणून किट लेन्सने रुंदीला अख्खा टँक घेतला की मधला भाग छान आणि कडा धुतल्यासारख्या दिसतात, आणि लांब लेन्सने काढलेल्या फोटोत कडेपर्यंत सगळं नीट राहतं.

काटकोन साधलाय की नाही हे पाहायची माझी पद्धत सांगतो, कारण नुसत्या अंदाजाने तो कधीच साधत नाही. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे चित्र मागच्या स्क्रीनवर बघा, आणि लेन्सच्या बाजूला मोबाईलचा टॉर्च क्षणभर धरा. काचेत लेन्सच्या काळ्या तोंडाचं गोल प्रतिबिंब दिसेल. ते फ्रेमच्या बरोबर मध्यभागी आलं की तुम्ही काचेशी सरळ आहात. ते वर सरकलं असेल तर कॅमेरा खाली झुकलाय, डावीकडे असेल तर उजवीकडे वळलाय. मग टॉर्च बंद करा आणि फोटो काढा. दोन संध्याकाळी हे केलंत की हाताला सवय लागते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: मासा खाली असेल तर कॅमेराही खाली न्यायचा, वरून वाकून बघायचं नाही. मी कायम एक बुटकं स्टूल सोबत ठेवतो. तुमचे धुरकट फोटो नेमके उभं राहून, खाली झुकून काढलेले आहेत.

तेव्हा लेन्सबद्दल माझं मत. तुमच्या बॉडीसाठी पहिली पसंती निकॉनची ८५ एमएम एफ/३.५ डीएक्स मायक्रो व्हीआर, दुसरी १०५ एमएम एफ/२.८ व्हीआर. दोन्ही १:१ जातात आणि दोघींचं वर्किंग डिस्टन्स जवळजवळ सारखं आहे. ८५ हलकी आणि आटोपशीर आहे, १०५ तिच्या दुप्पट जड. पुढेमागे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्यायचा पक्का विचार असेल तर १०५ घ्या, कारण ८५ डीएक्स सेन्सरपुरतीच बनवलेली आहे. तसा विचार नसेल तर ८५ मध्ये तुमचं काहीच अडत नाही. एफ/२.८ विरुद्ध एफ/३.५ या फरकावर मी एक रुपयाही जास्त देणार नाही, टँकवर त्या ॲपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र इतकं उघडून, तुम्ही काम करणारच नाही आहात. टॅमरॉनची ९० एमएम मॅक्रोही याच पंक्तीत बसते. स्थिती आणि किंमत चांगली असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त आत मोटर असलेलं मॉडेल आहे ना ते बघून.

मोटरबद्दल जरा खुलासा करायला हवा. डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुन्या एएफ-डी प्रकारच्या ६० आणि १०५ मॅक्रो, किंवा जुनी टोकिना १००, तुमच्या कॅमेऱ्यावर बसतील, मीटरिंगही करतील, पण ऑटोफोकस होणार नाही. दुकानात 'फिट होते' म्हणतात तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. अर्थात प्रवाळाचे फोटो मी स्वतः मॅन्युअल फोकसनेच काढतो. हात तंग असेल आणि मासे किट लेन्सवर काढायची तयारी असेल, तर सेकंड हँड एएफ-डी १०५ हा अगदी शहाणपणाचा सौदा आहे.

मग ६० एमएम कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे फूटभराचा नॅनो टँक आहे, चेरी श्रिम्प (छोट्या लाल कोळंब्या) काचेशी येऊन बसतात, त्यांनी. किंवा माझ्यासारखं दुकानाच्या अरुंद बोळात, मागच्या टँकला पाठ टेकवून ज्याला काम करावं लागतं त्याने. तिथे १०५ घेऊन उभं राहिलं तर मोठा मासा फ्रेममध्ये मावतच नाही. पंचवीस सेंटीमीटरच्या फ्रेमसाठी १०५ ला माशापासून सव्वा मीटर मागे जावं लागतं, ८५ ला मीटरभर, ५५ ला साठ-पासष्ट सेंटीमीटर. तुमच्या दिवाणखान्यात टँकसमोर सोफा असेल तर हे आकडे आत्ताच बघून ठेवा. शिवाय लेन्स काचेपासून जितकी मागे तितकं खोलीचं प्रतिबिंब जास्त. म्हणून डिस्कसच्या पूर्ण फोटोला नवी लेन्स आली तरी ५५ च वापरा. डोळा, कल्ल्यावरच्या निळ्या रेषा, खवल्यांचा पोत असं काही हवं असेल तेव्हा मॅक्रो लावा.

पण हे सगळं विकत घ्यायच्या आधी एक स्वस्त प्रयोग करून बघा असं मी आग्रहाने म्हणेन. तुमच्याकडे ७०-३०० आहे. तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-१५० नावाची क्लोज-अप लेन्स चिमट्याने अडकवता येते. मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या मानाने ती अगदीच स्वस्त पडते. तिची ताकद ४.८ डायॉप्टर, म्हणजे मूळ लेन्स अनंतावर फोकस केली की समोर २०.८ सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. ७० एमएमवर सात सेंटीमीटरची फ्रेम मिळते, २०० च्या आसपास जवळजवळ १:१, आणि ३०० वर त्याच्याही पलीकडे. गंमत बघा, हे अंतर १०५ मॅक्रोपेक्षाही जास्त आहे, आणि टँकसाठी नेमकं हेच हवं असतं. ही काही दुधाची तहान ताकावर भागवणं नाही, याने काढलेले प्रवाळाचे फोटो मी छापायलाही दिले आहेत.

तिची मर्यादाही ठळक आहे. फोकस होतो तो साधारण सतरा ते एकवीस सेंटीमीटरच्या पट्ट्यातच. त्याच्या अलीकडे-पलीकडे काहीच नाही. प्रवाळ जागचं हलत नाही, त्यामुळे तिथे ही अडचण जाणवत नाही. पोहणाऱ्या माशाच्या मागे मात्र ही घेऊन लागू नका, वैताग येईल. त्याला नुसती ७०-३०० लावा आणि टँकपासून सव्वा मीटर मागे बसा. एएफ-पी डीएक्स ७०-३०० ला ३०० वर, १.१ मीटरवरून, ०.२२ मॅग्निफिकेशन मिळतं, म्हणजे अकराएक सेंटीमीटरची फ्रेम. सात-आठ सेंटीमीटरच्या माशाला ती अगदी बेताची बसते.

एक्स्टेन्शन ट्यूबचा (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीचा) पर्याय कुणी सुचवला तर एवढंच लक्षात ठेवा: विजेचे संपर्क नसलेल्या स्वस्त ट्यूब तुमच्या लेन्सना निरुपयोगी आहेत. एएफ-पी लेन्सची फोकस रिंग कॅमेऱ्याच्या विजेवर चालते, संपर्क तुटला की ती फिरवून काही होत नाही.

इथपर्यंतचा हिशेब एका जागी मांडतो. डिस्कसला १८-५५ ची ५५ बाजू. कार्डिनलला तीच, किंवा नवी ८५. प्रवाळाला आत्ता ७०-३०० आणि रेनॉक्स, पुढे ८५ किंवा १०५. दुबईच्या टँकमध्ये खडक काचेपासून पाच सेंटीमीटरवर निघाला तर माझं ६० विरुद्धचं म्हणणं बरंचसं गळून पडतं. म्हणून टेपने मोजून घ्या म्हणतोय.

आता लेन्सइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा भाग: उजेड. १:१ वर एफ/८ ला सुद्धा फोकसमध्ये येणारा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा असतो. १:२ ला दोनेक मिलिमीटर. म्हणून आपण एफ/११ कडे जातो, आणि उजेड कमी पडतो. त्यात मॅक्रो लेन्स जवळ फोकस करताना स्वतःच उजेड खाते. १०५ व्हीआर अगदी जवळ नेली की स्क्रीनवर एफ/२.८ च्या जागी एफ/४.८ दिसतं. नवीन माणूस घाबरून लेन्स परत करायला निघतो, पण तो बिघाड नाही. निकॉनची बॉडी जवळच्या फोकसला प्रत्यक्षात उरणारं ॲपर्चर प्रामाणिकपणे दाखवते, इतकंच.

घरच्या टँकसाठी फ्लॅश वापरा, पण बॉडीवरचा उघडू नका. तो सरळ काचेवर आदळून परत येतो आणि मधोमध पांढरा डाग पडतो. फ्लॅश टँकच्या वर ठेवायचा, झाकण काढून, तोंड खाली करून. उजेड वरून आला की मासा नदीत दिसतो तसा दिसतो. डी५६०० मधून बाहेरचा फ्लॅश वायरलेस चालवायची सोय नाही, त्यामुळे साधा रेडिओ ट्रिगर घ्यावा लागेल. शटर १/२०० ठेवा, तुमच्या कॅमेऱ्याची सिंकची, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरची, मर्यादा तीच आहे. फ्लॅश घट्ट बांधा. पाण्यावर लटकलेली विजेची वस्तू आहे, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोटो काढायचं धाडस नको.

फ्लॅश घ्यायचा नसेल तर टँकचा दिवा पूर्ण लावा, खोली अंधारी करा, काळा शर्ट घाला, आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. पोहणाऱ्या कार्डिनलला १/२०० च्या खाली जाऊ नका. फोकस एका बिंदूवर, सतत चालू राहणाऱ्या मोडमध्ये, आणि बिंदू डोळ्यावर. अंगावरच्या लाल पट्ट्यावर फोकस बसला आणि डोळा मऊ, म्हणजे अस्पष्ट, राहिला तर तो फोटो गेला.

वेळही पाहून काढा. दिवे लागल्या लागल्या कार्डिनल फिके असतात, रंग भरायला अर्धा-पाऊण तास जातो. डिस्कस घाबरला की अंगावर काळपट पट्टे उमटतात. कॅमेरा आणि स्टूल आधीच मांडून ठेवा, तुम्ही तिथे निवांत बसलेले त्याला दिसू द्या. त्याला घाबरवून काढलेला फोटो जाणकाराला लगेच ओळखू येतो, आणि माशालाही तो त्रास कशाला द्यायचा?

काच आतून आदल्या संध्याकाळी साफ करा, ऐनवेळी नको. खरवडलेलं शेवाळ तासन्तास तरंगत राहतं आणि फ्लॅशमध्ये प्रत्येक कण चमकतो. बाहेरून मायक्रोफायबर कापड आणि साधं पाणी पुरे. अमोनियावालं ग्लास क्लीनर टँकजवळ फवारू नका. ड्रिफ्टवुडमुळे पाण्याला चहासारखी छटा आली असेल तर फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकून दोन दिवस थांबा, रंगांत लगेच फरक दिसेल.

दुबईचं प्रकरण वेगळं आहे. रीफ टँकवरचे एलईडी ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या उजेडाचे असतात. प्रवाळातली काही प्रथिनं हा निळा उजेड शोषून हिरवा, केशरी किंवा लाल परत सोडतात. डिस्कोसोमा या मशरूम प्रवाळातलं असंच एक लाल प्रथिन १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळं केलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत ते पेशी रंगवून पाहायला वापरतात. आपल्या डोळ्यांना ही चमक भुरळ घालते, पण कॅमेऱ्याचा निळा चॅनल तिथे पार फुटतो, म्हणजे निळ्यातला तपशील जातो, आणि सगळ्या फोटोवर निळं पाणी ओतल्यासारखं दिसतं. उपाय दोन. पहिला, मेहुण्यांना सांगून फोटोपुरता दिव्याचा पांढरा चॅनल वाढवून घ्या, निळा थोडा उतरवा. निळा पूर्ण बंद करू नका, नाहीतर ती चमकच जाईल. दुसरा, लेन्सपुढे केशरी फिल्टर लावा. ८५ ला ५२ एमएमचा लागतो, १०५ ला ६२ एमएमचा, ७०-३०० ला ५८ एमएमचा. रेनॉक्स चिमट्याची असल्यामुळे फिल्टर आधी लावून त्यावर ती अडकवता येते.

फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्येच काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग, प्रीसेट मॅन्युअलवर ठेवून, टँकच्या उजेडात पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा धरून घ्या. फार निळ्या उजेडात कॅमेरा प्रीसेट घ्यायलाच नकार देतो, तेव्हा पांढरा चॅनल आणखी वाढवा. फोटोत आडवे पट्टे दिसले तर तो एलईडीच्या लुकलुकीचा परिणाम आहे. शटर १/१०० किंवा त्याहून हळू करा, पट्टे जातात.

हळू शटर म्हणजे ट्रायपॉड आलाच, आणि ट्रायपॉडवर व्हीआर बंद. मग वेव्हमेकर (टँकमध्ये लाटा उठवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरमधून पाणी परत आणणारा) बंद करून घ्या. पॉलिपची टोकं डुलायची थांबायला मिनिटभर लागतं. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून तोंडाच्या कडेवर हाताने फोकस करा, मग टायमर लावून किंवा रिमोटने शटर सोडा. दहा-पंधरा मिनिटांत काम आटपा आणि पंप पुन्हा सुरू करायला घरातल्या कुणाला तरी आठवण ठेवायला सांगा. पाणी थांबलं की टँकमधला प्राणवायू उतरतो, आपण फोटोत गुंगलेले असतो आणि हे ध्यानात राहत नाही.

समोरून मनासारखे रंग आले नाहीत तर वरून काढून बघा. पुष्कळ प्रवाळ वरूनच जास्त देखणे दिसतात, कारण ते वर दिव्याकडे तोंड करून वाढलेले असतात. पंप बंद असताना तळाला सपाट अ‍ॅक्रिलिक असलेला डबा पाण्यावर टेकवा आणि त्यातून लेन्स खाली रोखा. लाटांची थरथर नाहीशी होते आणि काटकोनही आपोआप मिळतो. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र गळ्यातच असू द्या, खाली खारं पाणी आहे.

आणि जाता जाता एक गोष्ट, कारण दुबईचा टँक पाहून आल्यावर घरीही तसाच करावासा वाटतो. आपल्याकडे सगळे दगडी प्रवाळ, म्हणजे तुम्ही तिथे पाहणार ते अ‍ॅक्रोपोरा आणि टॉर्च कोरलसकट, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन हेही. ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत हे आहेत. बाजारात कुणी हळूच दाखवलं तरी घेऊ नका. मालवणच्या समुद्रात हे प्रवाळ आपले आपण वाढतात, त्यांचं तिथे असणं मला कुठल्याही टँकपेक्षा मोलाचं वाटतं.

सेकंड हँड लेन्स बघायला मुंबईत आलात तर सीएसएमटीजवळच्या बोरा बझारमध्ये एक चक्कर मारा, आणि स्वतःची बॉडी घेऊन जा. लेन्स लावून आधी अनंतावर आणि मग सर्वांत जवळ फोकस करा, मोटर दोन्हीकडे अडखळता कामा नये. काउंटरवरच्या कुठल्याही छापील कागदावर १:१ ला एफ/८ वर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा, एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ असेल तर आतली काच हललेली आहे. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाका. दोन-चार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळी हवेत ती सर्रास लागते आणि वाढत जाते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी काउंटरवरच ठेवा. व्हीआर चालू करून लेन्स कानाला लावा, हलकी घरघर ठीक, टकटक नको. एवढं करून ८५ मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर रेनॉक्स घेऊन दुबई गाठा आणि लेन्स परत आल्यावर शोधा. मेहुण्यांनी टेपने मोजलेला आकडा कळवलात तर तुमच्या टँकपुरता नेमका हिशेब मी करून देईन.